स्मृती शाबूत असतानाच विचारावे

ठाकूरद्वार-भुलेश्वर परिसरातील पेढ्यांवर वडीलधाऱ्यांच्या विस्मरणाची पहिली खूण बहुधा खातेवहीतच उमटते. एकच बिल दोनदा चुकते होते, जुना ग्राहक ओळखू येत नाही. पेढीची पत आणि मुलामुलींची सोयरीक यांच्या काळजीने घर ही गोष्ट झाकून ठेवते.

मात्र हे दुःख एकाच घराचे नाही. २०१७ ते २०२० या काळात साठीपुढील ४,०९६ व्यक्तींची पाहणी झाली. तीवरून देशात सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज निघाला. या अभ्यासात स्मरणचाचणीबरोबर घरातील निकटच्या व्यक्तीलाही प्रश्न विचारले गेले. कारण कालपर्यंत तोंडी हिशेब करणारे आज कुठे अडतात, हे सोबत राहणारी सून किंवा मुलगाच सांगू शकतो.

संशोधनातील सहभाग म्हणजे नेहमीच नवे औषध घेणे नव्हे. औषधाची चाचणी असल्यास ती ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’त नोंदलेली आहे का आणि तिला नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हे आधी पाहावे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सहभाग केव्हाही सोडता येतो.

रुग्ण संमती देण्यास असमर्थ झाल्यावर त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी सही करू शकतो. परंतु ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या सहीने व्यवहार केले, त्यांची इच्छा आजाराच्या प्रारंभीच विचारून घ्यावी. उशीर झाला, तर कुटुंबाला त्यांच्या वतीने केवळ अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो.