मेंढरांचे खत हवे, मग त्यांना आडोसा का नको?

शेतकरी व धनगर बंधूंनो,

मृगाचा पाऊस अंगावर घेणारे मेंढरू मार्गशीर्षातल्या एका रात्रीच्या पावसाने का मरते, हे आम्ही पुष्कळांस विचारले. धनगर म्हणतो, देव कोपला. कास्तकार म्हणतो, ज्याचे त्याचे नशीब. आमच्या मते दोन्ही उत्तरे खोटी आहेत. त्यांचा फायदा मेंढराला होत नाही, भगताला होतो.

आधी खरे कारण ऐका. नुसती कोरडी थंडी धडधाकट मेंढीस सहसा मारीत नाही. तिची लोकर हवा धरून ठेवते आणि ती हवाच तिचे पांघरूण असते. लोकर भिजली की हे पांघरूण गेले. त्यात सातपुड्याकडून वारा सुटला आणि खाली काळ्या मातीचा चिखल झाला, म्हणजे अंगातली ऊब चहूकडून निघून जाते. आधी कोकरे जातात, मग अशक्त व नुकत्याच कातरलेल्या मेंढ्या. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला व शेकडो मेंढ्या उघड्यावर मेल्या. तसे वऱ्हाडात होणार नाही, असे कोणी लिहून दिले आहे काय? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपण विसरलो नाही.

आता कास्तकार बंधूंशी दोन शब्द. वावर मोकळे झाले की आपण धनगराला हाक मारतो, "आमच्या वावरात मेंढ्या बसव." लेंडी व मुताने जमीन कशी पिकते, हे आपणांस सांगावयास नको. पण आभाळ भरून आले, म्हणजे तोच धनगर परका होतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातला धनगराचा एक मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. बोलावून विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, अकरा कोकरं मेली. बा ने कोठा मागितला, तर वास येते म्हणून नाही म्हटलं." ज्याने नाही म्हटले त्याच्याच वावरात ती मेंढरे चार रात्री बसली होती! लेंडीला वास नाही आणि कोकराला तेवढा वास येतो, हा कोणता न्याय?

जंगलखात्याने गुरा-मेंढरांची कुरणे कशी गिळली, हे जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये सांगितले. सरकारने घेतले, सावकाराने घेतले, हे आम्हीही सभांतून सांगतो. पण गावच्या ई-क्लासच्या जमिनीवर पऱ्हाटी कोणी लावली? शेटजी-भटजींनीच सगळी लावली काय? आपल्यापैकी कित्येकांनी लावली. पाणी न धरणारी उंच, मुरमाड जागा गेली, म्हणून वाडा काळ्या चिखलात उतरतो.

धनगर बंधूंनो, तुम्हांसही सांगणे आहे. मेंढरे मेली म्हणून देवाला आणखी एक बकरे कापणे, हा कोठला हिशेब? याच अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी नवसाच्या बळीविरुद्ध जन्मभर कीर्तन केले. त्या नवसाच्या पैशांत जाड ताडपत्री येते. ती वाऱ्याच्या बाजूला बांधा. ताडपत्री नसेल तर तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड करा, पण वाघूर उंच मुरमावरच लावा. खाली कुटार पसरा व ओले झाले की बदला. कोठा मिळाला तर तो कोंडून घेऊ नका. वरून हवा खेळू द्या, नाहीतर मुताच्या वाफेने छाती धरते. संध्याकाळी पोटभर कडबा किंवा तुरीचे कुटार घाला; जाडाभरडा चारा पोटात मुरताना ऊब देतो. कोकरू जन्मताच पुसून कोरडे करा व पहिल्या दोन तासांत त्याला चीक पाजा. थंडीच्या तोंडी कातरणी करू नका. पी. पी. आर. व आंत्रविषाराच्या लशी वेळेवर टोचून घ्या; थंडीने मेले असे आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा रोगच असतो. नागपूरच्या हवामान केंद्राचा अंदाज आता मोबाइलवर येतो, तो मुलाकडून रोज वाचून घ्या. मुलाला शाळेत घालण्याचा हाही एक उपयोग आहे.

गारपीट व थंडीची लाट ह्या सरकारच्या आपत्तींच्या यादीत आहेत. मेंढरे दगावली तर पुरण्यापूर्वी तलाठ्यास व पशुवैद्यास बोलवा, पंचनामा करवून घ्या. तुम्ही फिरस्ते, सातबारा नाही, म्हणून कोणी टाळू लागला तर गावातल्या चार शहाण्यांनी तुमच्यामागे उभे राहावे.

सारांश, येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने एक ठराव करावा : ई-क्लासपैकी एक मुरमाड तुकडा मोकळा करावा आणि त्यावर चार खांबांचे टिनाचे छप्पर घालावे. ज्याच्या वावरात मेंढ्या बसतील, त्याने पावसाच्या रात्री आडोसा द्यावा, हे बोली ठरतानाच ठरावे.

छप्पर होईपर्यंत अवकाळीच्या रात्री आमच्या शाळेचा व्हरांडा कोकरांसाठी उघडा राहील. वरिष्ठांनी विचारले तर उत्तर आम्ही देऊ, आणि सकाळी लेंड्याही आम्हीच झाडू.