गाडीचं वय नको, खालचा पत्रा आणि ब्रेक बघा

"पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात" हे गेल्या वर्षभरात मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. त्यातल्या दोघांनी तर घाबरून चांगल्या चालत्या गाड्या मिळेल त्या भावाला विकून टाकल्या. घेणारा हसत घेऊन गेला, कारण त्याला नियम माहीत होता.

म्हणून आधी नियम. वयावरून गाडीला बंदी घालायचा प्रकार दिल्ली आणि एनसीआरचा. तिथे हरित लवादाने २०१५ मध्ये डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. त्यावरून अजून वाद चालू आहेत. पण आपल्या महाराष्ट्रात तसं काही नाही. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. ते संपलं की गाडी आरटीओला दाखवायची, पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात. पंधरा वर्षांनी सक्तीने बाद होतात त्या सरकारी गाड्या, १ एप्रिल २०२३ पासून. माझी पेट्रोल गाडी २००९ ची आहे, २०२४ ला रीतसर पास झाली आणि रोज चालते.

आता माझी तक्रार. पासिंगची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारीला ती १०,००० केली. वर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे पैसे घेतले जातात ते वयाचे. ज्याने गाडी जपली त्यालाही तेवढेच आणि ज्याने तिचा खटारा केला त्यालाही तेवढेच. मधल्या पाच वर्षांत गाडीकडे कोण बघतं? पीयूसीवाला. तो सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतो आणि कागद देतो. ब्रेक लागतात का, टायरला नक्षी उरलीय का, हे बघायचं कामच त्याचं नाही. आंबा घाट उतरताना पुढच्या गाडीचा धूर कमी आहे की जास्त यापेक्षा मागच्याचे ब्रेक लागतात की नाही, याची मला जास्त काळजी असते. फी घ्यायची तर घ्या बाबांनो, पण पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंगची मशीनवर तपासणी करा आणि जो पास होईल त्याला फीत सूट द्या. जपणाऱ्याला काहीतरी फायदा दिसला तरच लोक जपतील.

पण सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. आपल्याकडे "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हा मोठा आजार आहे. गाडीतले काही पार्ट खराब झाले की आवाज करून सांगतात. काही मात्र गप्प राहतात आणि एक दिवस दगा देतात. या गप्प पार्टांना तारखेवर बदलावं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. मग लांब घाटात ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. सपाट रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. दोन वर्षांनी बदलायचं, खर्च हजाराच्या आत. पण मी विचारलेल्या बहुतेकांना आपलं कधी बदललं ते आठवत नाही. तसेच टायर. नक्षी भरपूर आहे म्हणून लोक आठ-दहा वर्षं तेच फिरवतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. वाचा आणि ठरवा. टायमिंग बेल्टचंही तेच. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांचं काम इंजिन उतरवण्यावर जातं. पुस्तकात दिलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल तेव्हा बदला. (रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.)

यात आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडलीय. जुन्या गाड्यांत काही रबरी पार्ट आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. खर्च किरकोळ आहे म्हणे. असेल. पण पेट्रोल आम्ही निवडलेलं नाही, पाइप मात्र आमच्या खिशातून. सर्व्हिसिंगला गाडी दिली की पेट्रोलचे पाइप बोटाने दाबून बघायला सांगा. चिरा पडल्या असतील, वास येत असेल तर थांबू नका.

उरलेल्याला घाई नाही. क्लच प्लेट घसरायला लागली की बघू. शॉकअप, बुश वाजले की बदलू. काच उचलायची मोटर, एसीचा आवाज, रंग उडालेला बंपर यांच्यापायी गाडी विकायला निघालेले लोक मला कळत नाहीत.

"गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच महाग" हे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं. पण तुलना गाडीच्या किमतीशी का? नव्या गाडीच्या हप्त्याशी करा. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के म्हटलं तरी महिन्याला दहा हजारांवर हप्ता. गेल्या वर्षी माझा टायर धरून एकतीस हजार खर्च झाला, म्हणजे तीन हप्ते. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याच्या जाहिराती सगळीकडे झळकल्या. स्पेअर पार्टवरचाही १८ वर आला, ते कुणी सांगितलं नाही. बिल घेत असाल तर तपासा.

तरी जुनी गाडी सोडायची वेळ येतेच. माझ्या मते ती इंजिनवर ठरत नाही, इंजिन पुन्हा बांधता येतं. ती पत्र्यावर ठरते. चेसिस आणि खालचा पत्रा गंजून भोकं पडली असतील, शॉकअपच्या बैठका सडल्या असतील तर वेल्डिंगचे तुकडे लावून मुलाबाळांना त्यात बसवू नका. कोकणात वापरलेली गाडी तर लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय घेऊच नका. दुसरी गोष्ट मला मान्य करावी लागते. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग २०२१ अखेरपासून सक्तीच्या झाल्या. माझ्या गाडीत यातलं काही नाही आणि कितीही निगा राखली तरी ते येणार नाही. म्हणून ती गावात आणि तालुक्यापर्यंत माझी. मुंबईला हायवेने जायचं तर एसटी किंवा भावाची नवी गाडी.

पुढचं पासिंग २०२९ ला. त्याआधी एकदा गाडी लिफ्टवर घालून खालून बघणार. पत्रा शाबूत असेल तर फी भरेन, नाहीतर रीतसर स्क्रॅप सेंटरला देऊन सर्टिफिकेट घेईन, म्हणजे नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये थोडी सूट तरी मिळेल.