दुसरा टॅब्लेट: गरज, सोय आणि हिशेब

घरात एक टॅब्लेट असताना वेगळ्या आकाराचा दुसरा घेणे योग्य आहे काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. त्याला दोन ठराविक उत्तरे तयारही असतात. हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, त्यांची चर्चा कशाला, हे एक; आणि ज्याचा पैसा त्याची मर्जी, हे दुसरे. पहिल्या उत्तरात तुच्छता आहे, दुसऱ्यात बेफिकिरी आहे. विचार दोहोंतही नाही. शिक्षक, वकील, संघटक, विद्यार्थी अशा मध्यम स्थितीतील माणसांपुढेही आज हा प्रश्न येतो. तेव्हा त्याचा हिशेब शांतपणे मांडणे इष्ट होय.

प्रथम मापाचा विचार करावा. टॅब्लेटचा आकार कर्णाच्या लांबीने सांगण्याचा प्रघात आहे आणि तो फसवा आहे. ॲपल कंपनीने २०१० साली आणलेल्या पहिल्या आयपॅडचा कर्ण ९.७ इंच होता. २०१२ सालच्या आयपॅड मिनीचा ७.९ इंच. फरक दोन इंचांहूनही कमी दिसतो. परंतु क्षेत्रफळ काढले तर मोठा पडदा सुमारे ४५ चौरस इंच आणि लहान सुमारे ३० चौरस इंच भरतो. म्हणजे एक तृतीयांश जागा गेली. वजनातील तफावत त्याहून मोठी आहे. पहिला आयपॅड सुमारे ६८० ग्रॅमचा होता, तर मिनी सुमारे ३०८ ग्रॅमचा.

ही तफावत मराठी वाचकाला विशेष जाणवते. जुनी मराठी पुस्तके, अहवाल आणि नियतकालिकांचे अंक पुष्कळदा पानांच्या छायाचित्रांच्या रूपातच उपलब्ध असतात. अशा पानातील ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने जुळत नाहीत. अख्खे पानच लहान होते. साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असे डेमी आकाराचे पान ७.९ इंची पडद्यावर पूर्ण मावायचे, तर ते मूळच्या सुमारे ७४ टक्क्यांवर येते. १२ पॉइंटचा टाइप जेमतेम ९ पॉइंटचा होतो आणि रफार, अनुस्वार, जोडाक्षरे वृद्ध डोळ्यांना दिसेनाशी होतात. ९.७ इंची पडद्यावर तोच टाइप सुमारे ११ पॉइंटचा राहतो. उलटपक्षी, एसटीच्या गर्दीत उभ्याने किंवा अंथरुणावर पडून वाचताना ६८० ग्रॅमचे ओझे मनगटाला सोसत नाही. मोठ्या व लहान आकारांचे उपयोग भिन्न आहेत, हे यावरून मान्य केले पाहिजे.

मात्र उपयोग भिन्न आहेत, एवढ्यावरून दोन्ही विकत घ्यावेत असा निष्कर्ष निघत नाही. एखादी वस्तू जसजशी अधिक मिळत जाते तसतसे पुढील प्रत्येक नगापासूनचे समाधान घटत जाते, हे गोसेन या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८५४ साली मांडले. दोन टॅब्लेट एकमेकांना काही प्रमाणात पूरक असले, तरी मुख्यतः ते एकमेकांचे पर्यायच आहेत. तेच वृत्तपत्र, तोच पत्रव्यवहार, तोच चित्रपट दोन्हींवर दिसतो. दुसरा टॅब्लेट आल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत. तो बहुतेक तास पहिल्याकडूनच काढून घेतो. म्हणून त्याची खरी उपयुक्तता मोजताना तो किती वेळ हाती असतो हे पाहून भागत नाही. ज्या प्रसंगी पहिला केवळ आकारामुळे अपुरा पडला असता, तेवढेच प्रसंग हिशेबात धरले पाहिजेत. त्यातही लहान पडद्याची बरीचशी कामे खिशातला मोबाइल आधीच करीत असतो.

हा हिशेब घालणे अवघड नाही. एक महिनाभर अशा प्रसंगांची टिपणे ठेवली, तरी पुरे. दिवसा टेबलावर नकाशे, आराखडे किंवा मुद्रिते तपासणारा आणि आठवड्यातील चार दिवस गावोगाव फिरून नोंदी घेणारा माणूस एकच असेल, तर त्याचे दोन टॅब्लेट म्हणजे दोन अवजारे होत. सुताराच्या पेटीत लहान आणि मोठा असे दोन रंधे असतात, म्हणून त्याला कोणी चैनी म्हणत नाही. ज्याच्या टिपणांत महिन्याकाठी चारच प्रसंग निघतील, त्याने मात्र आपल्या सर्वांत महत्त्वाच्या कामाचा आकार निवडून एकावरच थांबावे.

तरीही पुष्कळांना दुसरा हवासा वाटतो. यात बाजाराचा वाटा किती, हेही तपासले पाहिजे. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये सात इंची टॅब्लेट निरुपयोगी ठरवले होते. बोटांना एवढा पडदा पुरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, त्याच कंपनीने ७.९ इंची मिनी सादर केला. दोन वर्षांत माणसाची बोटे बदलली नव्हती. प्रतिस्पर्ध्यांचे लहान टॅब्लेट मात्र बाजारात आले होते. उत्पादनाची प्रक्रियाच नव्या गरजा निर्माण करते, हे गॅलब्रेथ यांनी १९५८ साली दाखवून दिलेच होते. तथापि न्याय्य दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, मोठ्या आयपॅडची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत असताना मिनीची ३२९ डॉलरपासून सुरू झाली. ज्याला मोठा परवडत नव्हता, त्याला लहान टॅब्लेट हा पहिला म्हणून मिळू शकला. एकाची जी संधी, तीच दुसऱ्याच्या घरी अडगळ होते.

या अडगळीची खरी किंमत पावतीवर छापलेली नसते. मे २०११ मध्ये चीनमधील चेंगडू येथे आयपॅड तयार करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. टॅब्लेटच्या संपूर्ण आयुष्यात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो घडवतानाच होऊन जातो. त्यामुळे खणात पडून राहिलेल्या टॅब्लेटने वीज वाचवली, हे समाधान पोकळ ठरते. त्याची बॅटरी तर न वापरताही म्हातारी होतेच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा काही भाग दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो.

वाटपाचा प्रश्नही येथेच उभा राहतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीत टॅब्लेटची गणना संगणकातच केली होती; तरीही ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर भरू लागले, तेव्हा या आकड्याचा अर्थ साऱ्यांना कळला. घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला की मुलाची शाळा सुटत असे.

परंतु येथे भावनेच्या आहारी जाऊन चालणार नाही. मुंबईतील एका प्राध्यापकाने दुसरा टॅब्लेट घेतला नाही, म्हणून नंदुरबारच्या मुलीच्या हाती तो आपोआप पडत नाही. वैयक्तिक संयमाला नैतिक मूल्य आहे. पण संस्थात्मक व्यवस्थेवाचून त्याचे सामाजिक फळ मिळत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी शेजाऱ्याच्या खरेदीवर टीका करण्यात शक्ती दवडण्याऐवजी दोन मागण्यांवर भर द्यावा.

पहिली मागणी टिकाऊपणाची. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार तेथे नव्याने विकल्या जाणाऱ्या टॅब्लेटचे महत्त्वाचे सुटे भाग दीर्घकाळ उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. तेच उत्पादक भारतातही माल विकतात; तेव्हा येथील ग्राहकालाही तसेच कायदेशीर संरक्षण मिळाले पाहिजे. दुरुस्ती स्वस्त झाली, तर जुना टॅब्लेट दुसऱ्याच्या हाती चालू स्थितीत जाऊ शकेल.

दुसरी मागणी सामायिक मालकीची. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. क्वचित लागणारा मोठा पडदा प्रत्येकाने विकत घेण्याऐवजी ग्रंथालयाने चार-पाच टॅब्लेट ठेवावेत आणि पुस्तकांप्रमाणे ते सभासदांना घरी द्यावेत. जुन्या अंकांचा अभ्यासक, पाठ्यपुस्तक वाचणारी विद्यार्थिनी आणि दृष्टी मंदावलेला निवृत्त गिरणी कामगार यांना तो आळीपाळीने वापरता येईल. ज्यांच्या खणात दुसरा टॅब्लेट आजही पडून आहे, त्यांनी आपल्या गावच्या ग्रंथालयाला तो देऊन या कामाचा आरंभ करण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.