पदवीपलीकडचा रसायनतज्ज्ञ

औषधनिर्माणशाळेत रसायनतज्ज्ञ नेमताना केवळ एम. एस्सी. ही पदवी पाहणे पुरेसे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी विश्लेषणाची तंत्रे शिकतो. रससिंदुरात पारा किती, हे तो मोजील; परंतु तो गंधकाशी संयुक्त आहे की मुक्त, हे क्ष-किरण विवर्तनासारख्या परीक्षणानेच उमगते. बोस्टन परिसरातील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. अशा आक्षेपांना प्रमाण व स्वरूप दोन्ही सांगणारा तज्ज्ञच उत्तर देऊ शकेल. म्हणून अखेरच्या सत्रातील प्रकल्पासाठी निर्माणशाळांनी या विद्यार्थ्यांना दारे उघडावीत. वारितर, रेखापूर्ण या कसोट्या त्यांनी शिकाव्यात. त्यांची उपकरणे आपण समजून घ्यावीत.