पान्याला हात लावू नका म्हणे!

आपल्या गाडीची बारीकसारीक कामं आपणच करणाऱ्या लोकांवर मिरजगावातले एक सुशिक्षित गृहस्थ सध्या फार रागावलेले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वेळ म्हणजे पैसा. ज्याचं काम त्यानेच करावं. आताच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात, त्यात तुम्हाला काय कळतंय? ब्रेक खोलाल आणि जिवाला मुकाल. आणि शेवटचा, त्यांच्या मते बिनतोड मुद्दा असा की घरच्या घरी चेन ताणणारा माणूस गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय देतो. आपल्या पूर्वजांनी बलुतेदारी काय उगाच निर्माण केली होती?

मोटरसायकलच्या चेनला तेल लावल्याने थेट समाजव्यवस्था ढासळते, ही माहिती मला नवीन होती.

आधी बलुतेदारीचंच पाहू. गृहस्थांनी बैलगाडी पाहिली असावी ती महामार्गावरच्या हॉटेलच्या दारात रंगवून ठेवलेली. चालती गाडी पाहिली असती, तर तिच्या बुडाशी टांगलेला वंगणाचा नळा त्यांच्या नजरेतून सुटला नसता. लांबच्या बाजाराला निघायचं तर गाडीवान आदल्या दिवशी खीळ काढून चाक बाहेर सरकवायचा, आस पुसायचा, नळ्यातलं वंगण काडीने काढून आसाला फासायचा आणि चाक परत बसवायचा. वाटेत कुरकुर सुरू झाली तर तिथेच उतरून पुन्हा तेच. त्यासाठी कोणी सुताराला हाक मारत नसे. मारली असती तर सुतार वाकस घेऊन अंगावर आला असता. आरा मोडला, तुंबा चिरला, तर सुतार. धाव ढिली झाली, तर लोहार. आसाला वंगण मात्र ज्याची गाडी त्याने घालायचं. ही रेघ सगळ्यांना ठाऊक होती आणि तिच्यावरून कोणाचं भांडण नव्हतं. म्हणजे गृहस्थांनी साक्षीला बोलावलेला जुना गावच माझ्या बाजूने साक्ष देऊन जातो.

शिवाय ती व्यवस्था त्यांना वाटते तितकी गोडगोजिरी नव्हती. त्रिं. ना. आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. कुणबी आणि बलुतेदार यांच्या देण्याघेण्याचा त्यात बारीक हिशेब आहे आणि त्या व्यवस्थेवर ओढलेले कोरडेही आहेत. बलुतेदारीचे गोडवे गाणाऱ्याने तो निदान चाळावा. आणि बलुतं जन्माला चिकटलेलं असे. आजचा मिस्त्री कोणाच्या पोटी जन्मला म्हणून पाना धरत नाही. कोणी आयटीआय करून येतो, कोणी पोरवयात गॅरेजात टायर खोलता खोलता शिकतो. त्याला बलुतेदार ठरवून त्याच्या पोटाची काळजी वाहणं, यात त्याचा मान कुठे राहिला?

आता त्या पोटाचा हिशेब. मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं येऊन पडतात आणि गॅरेजवाल्याला मान वर करायला सवड नसते. त्याची मिळकत इंजिनच्या कामावर, क्लच प्लेटवर, फोर्कच्या ऑइल सीलवर. चेन ताणून देण्याचे पैसे तर ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून तो बहुधा घेतच नाही; ‘राहू द्या’ म्हणतो. जे काम तो फुकट करतो, ते मी घरी केलं तर त्याचं पोट कसं मारलं जातं, हे गणित गृहस्थांनी एकदा पाटीवर सोडवून दाखवावं. यावर ते म्हणतील, चेनला तेल न घालता फिरलात तर स्प्रॉकेट लवकर झिजतं आणि मिस्त्रीला चेनकिटचं काम मिळतं. हे खरं आहे. मग दानधर्म म्हणून इंजिनातलं ऑइलही बदलू नये. पिस्टन धरला की पुण्य जास्त.

वेळेचा मुद्दा एका वाक्यात संपतो: वेळ म्हणजे पैसा म्हणणारे गॅरेजपुढच्या बाकड्यावर दोन-दोन तास मोबाइल चाळत बसलेले असतात. कॉम्प्युटरचा मुद्दाही तसाच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. पण चेन, टायर, ऑइल, एअर फिल्टर, क्लचची तार जागच्या जागी आहेत. इंजेक्टर खोला असं कोणी म्हणत नाही. ब्रेकचं म्हणाल तर लायनर बदलणं मिस्त्रीवर सोडावं, एवढं मान्य.

खरं दुखणं निराळं आहे. शिकलेल्या माणसाचे हात काळे होणं गृहस्थांना बघवत नाही. हा वाद जुना आहे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची योजना मांडली गेली, तेव्हाही हाताच्या कामातून शिक्षण म्हटल्यावर नाकं मुरडणारे होतेच. पुढे आमच्या शाळांत कार्यानुभव आला आणि वह्यांना कव्हरं घालण्यात त्याची वाट लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव भाषणात घ्यायला मात्र हीच मंडळी पुढे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली मास्तरकी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, हे तेव्हा सोयीने विसरायचं. नांगर आणि किर्लोस्करवाडी त्यानंतरची.

आणि हे सगळं कोणत्या जिल्ह्यात बसून बोलायचं? नगरला कायनेटिकची लुना १९७२ पासून तयार होऊ लागली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लगवर काजळी ठरलेली. लुना चढावर फुसफुसली की मास्तर असोत की पोस्टमन, खाली उतरून डबीतला प्लग-पाना काढायचे, प्लग खोलायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फट नजरेने जोखायचे, परत आवळायचे आणि पायडल मारून निघून जायचे. त्यांना कोणी अडाणी म्हटलं नाही. त्याच नगरात लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे. रणगाड्याची रोजची देखभाल त्याच्या चालक-तोपचींनीच करायची आणि मोठी दुरुस्ती ईएमई या दुरुस्ती शाखेने, ही लष्कराची रीत आहे. कोट्यवधींचं यंत्र असून तिथल्या जवानाला कोणी सांगत नाही, बाबा रे, ज्याचं काम त्याला करू दे.

मग करायचं काय? फार काही नाही. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांना बंद चेनकव्हर असतं. त्याच्या खालच्या अंगाला रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन खालीवर हलवायची. दोन-तीन सेंटीमीटर हलली तर ठीक, लोंबायला लागली तर ताणायची. मधल्या स्टँडवर गाडी घेऊन मागच्या आसाचा नट ढिला करायचा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या खुणेवर आणायचे. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली तर चाक तिरकं धावतं. नट आवळला की मागच्या ब्रेकचा रॉड हाताने पुन्हा जुळवायचा, कारण चाक मागे सरकलं की पायातला ब्रेकही बदलतो. नवशिक्या मदतनीस घाईत नेमकं हेच विसरतो. पावसाळ्यात काळ्या रानातून आलेल्या गाडीच्या मडगार्डातला चिखल वाळण्याआधी काढायचा. जळकं ऑइल ओढ्यात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजात द्यायचं. कायद्याने तो घातक कचरा आहे.

एअर फिल्टरचं तेवढं सांगतो. ऊसवाहतुकीच्या वाटांवरच्या फुफाट्याने तो भरतो. आता बऱ्याच गाड्यांत तो तेलकट कागदाचा असतो. हवा मारून तो साफ करायचा नसतो, ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा असतो. तरीही सर्व्हिसिंगच्या नावाखाली त्याच्यावर हवा मारून बिलात ‘फिल्टर क्लीन’ लावलेलं मी पाहिलं आहे. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक ज्याने एकदा उघडलं, तो हे बिल भरत नाही. ज्याने उघडलं नाही, तो भरतो आणि वर आभार मानतो.

त्या पुस्तकावरून आठवलं. कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती दाबून ठेवू नये म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीचा हक्क मताने मिळवला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्यात मोटारी आहेत आणि शेतीची अवजारंही. या हक्काचा फायदा गावातल्या स्वतंत्र मिस्त्रीला पहिला, कारण माहिती दाबली की गिऱ्हाईक त्याच्याकडून उठून शहरातल्या शोरूममध्ये जातं. गृहस्थांची स्वतःची गाडी मात्र पन्नासेक किलोमीटरवर नगरच्या शोरूममध्ये सर्व्हिसिंगला जाते. गावातल्या मिस्त्रीकडे ते जातात ते फक्त अडलं म्हणजे, आणि तेव्हा मजुरीत पन्नास रुपये कमी करायला लावून येतात.