रूपसाम्य आणि व्युत्पत्तीचा विवेक

मराठीत ‘पाल’ म्हणजे भिंतीवरचा सरपटणारा प्राणी; तमिळमध्ये ‘पाल्’ म्हणजे दूध. उच्चार जवळजवळ एकच, अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न. एक भाषा आर्यकुळातील, दुसरी द्राविडकुळातील. मोजक्या ध्वनींतून हजारो शब्द घडत असल्यामुळे असे योगायोग सर्वच भाषांत अपरिहार्य असतात. अर्थ इतके दूर असले की अभ्यासक फसत नाही. अर्थांचा सांधा ओढूनताणून जुळवता आला, की मात्र योगायोगालाच पुराव्याची प्रतिष्ठा मिळते.

‘पाल’ या शब्दाचे खरे आप्त निराळेच आहेत. संस्कृत ‘पल्ली’पासून तो मराठीत आला. ‘सप्त–सत्त–सात’ या परंपरेप्रमाणे येथेही द्वित्त जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. तमिळमध्ये पालीला ‘पल्लि’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘हल्लि’. जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. ‘पाल्’चे ‘हालु’ झाले तेही याच नियमाने. म्हणजे कानाला एकच वाटणारे ‘पाल’ आणि ‘पाल्’ परस्परांना परके, तर वेगळे भासणारे ‘पाल’ आणि ‘हल्लि’ हे भाषाकुळांची सीमा ओलांडणाऱ्या उसनवारीने बांधलेले. तसेच मराठी ‘हाल’ अरबीतून आलेला. कन्नड ‘हालु’शी त्याचा काहीही संबंध नाही.

रूपाबरोबर अर्थही जुळला, तरी नाते सिद्ध होतेच असे नाही. ऑस्ट्रेलियातील म्बाबारम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ असेच म्हणत. हा शब्द इंग्रजीतून आलेला नाही. शेजारच्या यिडिन भाषेतील ‘गुडगा’ या शब्दाशी त्याचे नाते नियमबद्ध ध्वनिपरिवर्तनाने सिद्ध होते.

स्थलनामे, दैवतनामे आणि आडनावे यांच्या व्युत्पत्तीवरून एखाद्या समाजाचे मूळ ठरविणाऱ्या लेखनात हा विवेक अनेकदा सुटतो. तेथे चूक केवळ एका शब्दापुरती राहत नाही. तिच्यावर इतिहासाची आणि अस्मितेची इमारत उभी राहते. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६), बरो व एमेनो यांचा द्राविड व्युत्पत्तिकोश (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश (१९६६) ही साधने उपलब्ध असताना केवळ कानावर विसंबणे क्षम्य नाही. ध्वनिनियम, शब्दाची जुनी नोंद आणि दोन भाषिकसमूहांचा ऐतिहासिक संपर्क यांचा आधार नसलेली व्युत्पत्ती प्रबंधात निष्कर्ष म्हणून स्वीकारली जाऊ नये. तिला फार तर तर्क म्हणावे.