वर्गाच्या भिंतीवर मूल कोठे आहे?

2024 च्या प्रारंभी राज्य शासनाने 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान हाती घेतले. शाळांना गुण देण्यात आले, वरच्या क्रमांकांना बक्षिसेही ठेवण्यात आली. सोलापूर जिल्ह्यासह राज्यभरच्या शाळांत त्यामुळे रंगरंगोटीला जोर चढला, हे स्वाभाविकच होते. ज्या राज्यात एकेकाळी शाळा देवळात आणि चावडीत भरत, तेथे वर्गखोल्यांच्या देखणेपणाची स्पर्धा लागावी, ही काही खेद करण्यासारखी गोष्ट नव्हे. परंतु या नव्या भिंतींकडे जरा निरखून पाहिले, की एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. या भिंतींवर मुळाक्षरे आहेत, पाढे आहेत, नकाशा आहे, थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत, सुविचार तर आहेतच. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या मुलांच्या हातचे मात्र तेथे फारच थोडे असते.

याला इतिहास आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा' योजना आली, तिची अपेक्षा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य एवढीच होती. भिंत उभी राहणे हेच तेव्हा मोठे काम होते. पुढे 'बोलक्या भिंती' ही कल्पना रूढ झाली. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांतील ज्ञानरचनावादी प्रयोगाचा बोलबाला झाला आणि 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासननिर्णयानंतर भिंतींबरोबर फरशाही रंगल्या. मूल स्वतः ज्ञान रचते, हा त्या विचाराचा गाभा. अनुकरण करताना अनेक ठिकाणी गाभा बाजूला राहिला आणि रंग तेवढा उचलला गेला. रंगारी एका गावचे काम आटोपून दुसऱ्या गावी गेला, की तीच फुलपाखरे आणि तीच आगगाडी तेथील भिंतीवर अवतरते. भिंत बोलू लागली खरी, पण ती बोलते रंगाऱ्याच्या तोंडून.

सोलापुरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. या शहरात पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते. कन्नड आणि उर्दू या भाषाही येथे परक्या नाहीत. घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी, ही असंख्य मुलांची रोजची स्थिती आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वांच्या तोंडी क्यूआर कोडच होता. त्याच कामाचा दुसरा भाग, पाठ्यपुस्तकांतील मजकूर मुलांच्या मातृभाषेत, कन्नडमध्ये आणणे, हा फारसा चर्चिला गेला नाही. वस्तुतः महत्त्वाचा धागा तोच होता. मुलाची भाषा वर्गात यायची, तर ती भिंतीवरही दिसली पाहिजे. मागाचे चित्र काढून त्याखाली एखाद्या मुलीने घरचा तेलुगू शब्द मराठी अक्षरांत लिहिला, तर तो खोडून शुद्ध शब्द लिहवून घेण्याची घाई कशासाठी?

ही घाई का होते, हे समजून घेतल्यावाचून शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याची दृष्टी भिंतीवरच्या चुकीच्या वेलांटीवर पडते आणि चूक मुलाची असली, तरी जाब शिक्षकाला द्यावा लागतो. साहजिकच शिक्षक सुवाच्य अक्षराच्या चार मुलांकडून मजकूर पुनःपुन्हा उतरवून घेतो आणि तोच लावतो. उरलेली मुले वर्षभर त्या चौघांचे अक्षर पाहत बसतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या मातांची मुले प्राथमिक शाळांत मोठ्या संख्येने आहेत. वळलेल्या विड्या कारखान्यात नेल्यावर तपासनीस त्यांतून सदोष विड्या बाजूला काढतो, हे दृश्य या मुलांच्या परिचयाचे असते. तसाच न्याय वर्गाच्या भिंतीनेही द्यावा, ही गोष्ट मनाला पटणारी नाही.

तथापि सर्व मुलांचे सर्व काम भिंतीवर डकवून टाकावे, असाही याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी 2014 मध्ये बालवाडीच्या 24 मुलांवर केलेला एक प्रयोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. गजबजलेल्या भिंतींच्या वर्गात मुलांचे लक्ष 38.6 टक्के वेळ अन्यत्र होते. मोकळ्या वर्गात हे प्रमाण 28.4 टक्के होते. पाठानंतरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे पहिल्या वर्गात 42 टक्के, तर दुसऱ्यात 55 टक्के आली. त्या गजबजाटात तक्ते-नकाशांबरोबर मुलांची चित्रेही होती, हे विशेष. प्रयोग लहान होता आणि तेथील वर्ग व येथील वर्ग यांत अंतर आहे. तरीही भरगच्च भिंत म्हणजे उत्तम वर्ग, या समजुतीला त्याने धक्का दिला आहे. तैलरंगाने कायमच्या रंगविलेल्या भिंतीची अडचण तर याहून मोठी. ती उतरविता येत नाही, आणि महिन्याभरात मुलांना दिसेनाशी होते.

खर्चाचे म्हणाल, तर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे एवढ्यावर हे काम भागते. प्रश्न पैशाचा नसून उंचीचा आणि वेळेचा आहे. काम मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर हवे, दारातून आत येणाऱ्या साहेबाच्या नव्हे. ते दर पंधरवड्यास बदलावे, आळीपाळीने प्रत्येकाची पाळी यावी, आणि पहिला खर्डा व सुधारलेला मजकूर शेजारी शेजारी लागावा, म्हणजे सुधारणा कशी होते हे इतरांनाही दिसेल. भित्तिपत्रकाची आपल्या शाळांतील जुनी प्रथा याच जातीची होती. शिवाय 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले, तेव्हा उपक्रम, प्रकल्प व वर्गकार्य ही आकारिक मूल्यमापनाची साधने ठरविण्यात आली. म्हणजे नोंदी ठेवणे शिक्षकाला भागच आहे. जे नोंदवायचे, तेच आधी भिंतीवर राहिले, तर नवे ओझे पडत नाही. दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाला मात्र एवढेही जड जाते, आणि त्याला उपाय भिंतीवर नाही, रिक्त जागा भरण्यात आहे.

शाळांचे गुणांकन करणाऱ्यांना यात पुष्कळ करता येईल. भिंत किती सुंदर, याऐवजी हे काम कोणत्या मुलाचे, कधीचे, आणि गेल्या महिन्यात येथे काय होते, एवढे तीन प्रश्न त्यांनी वर्गातल्या मुलांनाच विचारावेत. जूनमध्ये शाळा उघडताना निदान एक भिंत कोरी ठेवण्याची मुभा मुख्याध्यापकांना लेखी मिळावी, आणि कोऱ्या भिंतीबद्दल त्या महिन्यात शाळेचे गुण कापले जाऊ नयेत.